एका हातावरचा हंगाम

लबक हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरून गेलेले नसते. पण शेतीखात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला ते कापसामुळे ठाऊक असते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पश्चिम अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट उंचीवर, तव्यासारखे सपाट असे हे पठार आहे. अमेरिकेतला कापसाचा सगळ्यात मोठा सलग पट्टा तो हाच. अशा या कापूसगावाचे नाव २०२५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत झळकत होते, आणि ते कापसाच्या भावापायी नव्हे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या सॉफ्टबॉल नावाच्या खेळापायी.

त्या हंगामातले थोडे सामने मी तिथे जाऊन पाहिले, आणि शेवटचे, म्हणजे जे खरे अटीतटीचे होते ते, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी थोरल्या बंधूंच्या ओसरीवर बसून पाहिले. कृषी विस्तार अधिकाऱ्याने बोंडअळी सोडून हा कुठला विषय काढला, असे वाचकांना वाटेल. वाटू द्या. बोंडअळी काही कुठे पळून जात नाही.

तिकडे जाण्याचे कारण घरगुती होते. दादांची मुलगी, माझी पुतणी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन २०२२ साली लबकला गेली. कोरडवाहू कापसाची मुळे जमिनीत किती खोल जातात, पाण्याचा ताण कसा सोसतात, यावर तिचे संशोधन चालले होते. तिच्या शिक्षणासाठी दादांनी गावातले घर तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले होते. जामीन म्हणून माझी सही. ती तिकडे मिळणाऱ्या विद्यावेतनातून दरमहा हप्ता पाठवी. कधी धाकट्या भावाच्या वसतिगृहाचे पैसेही तीच पाठवी. पण २०२४ च्या दिवाळीपासून पोरगी फोनवर तुटक बोलू लागली. 'सगळं बरं आहे' यापलीकडे शब्द नाही. दादांना दोन म्हशी आणि सहा एकरांचा व्याप सोडून जाणे शक्य नव्हते. ते मला म्हणाले, ''तू जाऊन पाहून ये बाप्पा. बरं आहे म्हणते, पण बरं वाटत नाही मले.''

मार्चअखेरची धामधूम उरकली, परवानगीचे कागद झाले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता निघालो. वहिनींनी दिलेली जवसाची चटणी आणि ज्वारीचे पापड पिशवीत होते.

लबकची जमीन तांबूस, वारा अखंड. वसंतात तिथे धुळीची वादळे उठतात. दुपारी चार वाजता आभाळ विटकरी होते आणि दातांत माती लागते. वर्षाकाठी पाऊस १८-१९ इंच, म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांइतकाच. जमिनीखाली ओगलाला नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे, त्यावर मागच्या पिढ्यांनी गोल फिरणारे तुषार संच चालवले. पाव-पाव मैल लांबीचे लोखंडी हात एका खांबाभोवती फिरत असतात. आता तो साठा खाली खाली चालला आहे, आणि एके काळी भिजवलेली पुष्कळ शेते पुन्हा कोरडवाहू झाली आहेत. पुतणीचे काम नेमके याच दुखण्यावर. हे सारे मी एका दमात सांगतो आहे, कारण तिथल्या शेतीवर लिहायला बसलो तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

पोचल्याच्या पहिल्याच शनिवारी पुतणी म्हणाली, ''काका, चला, तुम्हाला सामना दाखवते.'' तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या मुलींचा सामना होता.

खेळ समजायला सोपा आहे. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मुली. मैदान चौकटच्या पत्त्यासारखे, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी. एका ठाण्यापासून दुसरे ६० फुटांवर. एकीने चेंडू टाकायचा, समोरचीने दांड्याने टोलवायचा आणि पहिल्या ठाण्याकडे धूम ठोकायची. चारी ठाणी फिरून घरच्या ठाण्याला पाय लागला की एक धाव. तिघी बाद झाल्या की पाळी बदलली. असे सात डाव. क्रिकेटसारखे दिवसभर ताटकळणे नाही. दोन-अडीच तासांत निकाल लागतो. ठाण्यांमधली जागा उघड्या मातीची असते, गवताची नव्हे. मुली त्या मातीत सपशेल लोटांगण घालून ठाणे गाठतात. आमच्या सौ.ला पहिली पाच मिनिटे त्यांच्या कपड्यांचीच काळजी लागली होती.

दुसरी मौज म्हणजे बाहेर बसलेल्या मुली गप्प बसत नाहीत. केसांच्या घट्ट वेण्या, त्यांत फिती, आणि कठड्याला टेकून सगळ्या मिळून गाणी म्हणतात, टाळ्या पिटतात, आपल्या मैत्रिणीला चढवतात, समोरचीला डिवचतात. ''हा तर भुलाबाईचाच फड!'' सौ. म्हणाली. तेव्हापासून तिची त्या खेळाशी गट्टी जमली.

पण सारा खेळ फिरतो तो चेंडू टाकणारीभोवती. ती फक्त ४३ फुटांवर उभी असते आणि चेंडू खालून टाकते, हात खांद्यातून पुरा गोल फिरवून. ज्यांनी माळ्यावर उभे राहून ज्वारीची पाखरे राखली आहेत त्यांना मी एका शब्दात सांगतो: गोफण. फरक एवढाच की गोफणीची दोरी म्हणजे तिचा स्वतःचा हात. चांगल्या मुलीचा चेंडू ताशी ७० मैलांच्या, म्हणजे ११० किलोमीटरच्या वर जातो, आणि तो समोर पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात टोलवणारीने ठरवायचे, मारू की सोडू.

टेक्सास टेकची चेंडू टाकणारी होती नायजारी कॅनडी. कॅन्सस राज्यातल्या टोपिका गावची. अंगाने भरलेली, चेहऱ्यावर गडबड नाही. ती आधी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळत होती आणि २०२४ साली देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली होती. त्या उन्हाळ्यात ती स्टॅनफर्ड सोडून लबकला आली. टेक्सास टेकच्या मुली तोवर देशातल्या शेवटच्या आठ संघांत एकदाही पोचलेल्या नव्हत्या. विद्यापीठाच्या चाहत्यांनी वर्गणी जमवून तिच्याशी एका वर्षाचा करार केला. वर्तमानपत्रांत आकडा आला तो १०,५०,०२४ डॉलरचा. दहा लाख कराराचे, पन्नास हजार राहण्या-खाण्याचे, आणि वरचे चोवीस तिच्या पाठीवरच्या क्रमांकाचे. आपल्या पैशांत जवळजवळ नऊ कोटी रुपये.

सौ.ने हा हिशेब ऐकला आणि म्हणाली, ''चेंडू फेकायचे नऊ कोटी? आपल्याकडे दिवसभर निंदण करणाऱ्या बाईला तीनशे रुपये देताना लोकांच्या जिवावर येतं!''

पुतणी हसली. ''काकू, ती फेकते ते बघायला माणसं तिकीट काढतात. निंदण बघायला कोण येतं?''

याला सौ.कडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नाही.

हे पैसे काही आभाळातून पडले नाहीत. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबात झाला. मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून चेंडू केला आणि दांडा म्हणून झाडूची काठी घेतली, असे सांगतात. पुढे बायकांनी हा खेळ आपलासा केला, पण कॉलेजांत त्यांना मैदान मिळे ते मुलांचे खेळून झाल्यावर उरलेले. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढेच ते सांगते. त्यात खेळाचे नावसुद्धा नाही. पण त्या वाक्याच्या जोरावर मुलींना मैदाने, शिक्षक आणि शिष्यवृत्त्या मागता आल्या. १९८२ पासून एनसीएए ही तिथली मोठी कॉलेज-क्रीडासंघटना मुलींची राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धा भरवू लागली. तरी खेळाडूने स्वतःच्या नावावर पैसे घेणे निषिद्धच होते. ती बंदी उठली २०२१ साली. म्हणजे कायदा झाल्यापासून पोरीच्या हातात पैसा पडायला ४९ वर्षे लागली. आमच्या खात्यातल्या योजनाही वेळ घेतात, पण इतका नाही!

ओक्लाहोमा विद्यापीठाची गोष्ट मला पुतणीने सांगितली, ती माझ्या विशेष लक्षात राहिली. तिथे १९९५ साली पॅटी गासो नावाच्या बाई प्रशिक्षक म्हणून आल्या तेव्हा संघाला स्वतःचे मैदान नव्हते; गावच्या सार्वजनिक बागेत, संध्याकाळी हौशी लोक खेळत त्याच जागेवर, त्या मुलींना खेळवीत. २००० साली त्यांनी पहिले अजिंक्यपद जिंकले. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे जिंकले. २०२३ च्या हंगामात ६२ सामन्यांपैकी ६१ जिंकले आणि एकच हरले. एकाच जमिनीत तीस वर्षे शेणखत घालत राहिलेला शेतकरी मी पाहिला आहे. त्याच्या बांधावर उभे राहिले की जसे वाटते तसे हे ऐकताना वाटले.

तर सामना चालू होता. चौथा की पाचवा डाव असेल. सौ. खायला काही आणायला गेली होती. कॅनडी एकामागून एक मुली बाद करीत होती आणि माणसे उभी राहून अंगठा वर करून तर्जनी पुढे रोखीत होती. ती त्या विद्यापीठाची खूण आहे, बंदुकीची. पुतणी मैदानाकडे पाहत पाहतच म्हणाली, ''काका, मी इथे का येते सांगू? इथे दोन तास माझ्याकडे कुणी काही मागत नाही.''

मी काही बोललो नाही. मग तिने सांगितले. तिच्या प्रकल्पाचे पैसे एका कार्यालयात अडकले होते. त्या वसंतात अमेरिकेत संशोधनाच्या अनुदानांना जागोजागी कात्री लागली होती. जूननंतर विद्यावेतन मिळेल की नाही याची खात्री नव्हती. तरी हप्ता चुकू नये म्हणून ती जानेवारीपासून दोघींच्या खोलीत चौघींनी राहत होती आणि जेवण एकवेळचे करून टाकले होते. ''बाबांना सांगू नका. घर तारण आहे. त्यांना झोप लागायची नाही.'' तिने मला शपथ घातली.

मैदानावर कॅनडी हाताला बर्फ लावून बसली होती की टॉवेल होता, मला लांबून दिसले नाही. पण पुतणी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, ''हिच्यावर सगळ्या गावाचा भार आहे, आणि ही हसते. मला ते बघायचं असतं.''

महिनाभरात आम्ही पाच सामने पाहिले. सौ.ने चौघींची चूल ताब्यात घेतली आणि रोज दोन वेळचे जेवण सुरू केले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही परतलो. दादांनी विचारले, ''कशी आहे पोरगी?'' मी म्हणालो, ''वाळली आहे थोडी. काम फार आहे.'' शपथ मोडली नाही.

गावी आलो तो बी-बियाण्यांच्या बैठका सुरू झालेल्या. इकडे पुतणीचे रोज दोन-चार ओळींचे निरोप मोबाइलवर येत: आज कोण जिंकले, कोण हरले. तिकडचा हंगाम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. मे महिन्यात ६४ संघ निवडतात. त्यांचे चार-चारांचे सोळा गट पाडतात, त्यातून सोळा उरतात, मग आठ, आणि ते आठ संघ ओक्लाहोमा सिटी शहरातल्या मोठ्या मैदानावर जमतात. बारा-तेरा हजार माणसे बसतील एवढे ते मैदान आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधले सॉफ्टबॉलचे सामनेही तिथेच घ्यायचे ठरले आहे.

त्या वर्षी पहिला मानांकित संघ होता टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा. यातला 'ए' म्हणजे ॲग्रिकल्चर. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन जी शेतकी कॉलेजे काढली, त्यांपैकी हे एक. आपली कृषी विद्यापीठे त्याच धर्तीवर उभी राहिली. मी अर्थातच त्यांच्या बाजूचा. आणि हा संघ स्वतःच्याच मैदानावर, पहिल्याच टप्प्यात, लिबर्टी नावाच्या विद्यापीठाकडून हरून बाहेर पडला. पहिल्या मानांकिताचे असे यापूर्वी कधी झाले नव्हते. मी दादांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ''शेतकी कॉलेज म्हटलं की असंच!'' त्यांना निमित्त हवे होते.

इकडे दादांनाही हळूहळू नाद लागला होता. मुलीला फोन केला की काय बोलावे हे त्यांना सुचत नसे. आता विषय मिळाला. ''तुमची कॅनडी काय म्हणते?'' असे ते विचारीत आणि पोरगी दहा मिनिटे बोलत राही. दिवाळीपासून इतके बोलणे झाले नव्हते.

कॅनडीचा संघ बारावा मानांकित होता. त्यांनी लबकचा गट जिंकला, मग फ्लोरिडा स्टेटच्या मैदानावर जाऊन त्यांना सलग दोनदा हरवले आणि पहिल्यांदाच शेवटच्या आठांत आले. ओक्लाहोमा सिटीत २९ मे रोजी ओल मिस संघाला १-० ने हरवले, ३१ मे रोजी यूसीएलएला ३-१ ने. २ जूनला गाठ पडली ओक्लाहोमाशी, चार वर्षांच्या विजेत्यांशी. शेवटच्या डावात टेक्सास टेक २-० पुढे होते. ओक्लाहोमाच्या एका मुलीने चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला आणि बरोबरी झाली. पण आपल्या पाळीत टेक्सास टेकने एक धाव काढून सामना ३-२ ने मारला आणि चार वर्षांची ती सद्दी संपवली. या तिन्ही सामन्यांतला टेक्सास टेकचा प्रत्येक चेंडू कॅनडीने टाकला होता. एकही दुसरीने नाही.

अंतिम फेरी तीन सामन्यांची, दोन जिंकेल तो विजेता. समोर ऑस्टिनचे टेक्सास विद्यापीठ. राज्य एकच, पण ते थोरल्या घरचे. त्यांचेही दुःख होतेच. २०२२ आणि २०२४ साली अंतिम फेरीत येऊन ओक्लाहोमाकडून हरले होते.

तिकडे संध्याकाळी सात म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. पुतणीने तिच्या खोलीतल्या टीव्हीसमोर मोबाइल उभा करून ठेवायचा आणि इकडे आम्ही दादांच्या ओसरीवर तो पाहायचा, असे ठरले. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला होता. २४ मे रोजी केरळात, आणि दोन दिवसांत मुंबईत. शेतकरी पेरणीच्या घाईला आलेले आणि आम्ही गावोगाव ओरडून सांगत होतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय तिफण धरू नका. मग पाऊस ओढ देऊन बसला. अशा दिवसांत, ५ जूनच्या पहाटे, म्हशींच्या धारा काढून दादा, वहिनी, सौ., धाकटा आणि मी त्या लहानशा काचेपुढे बसलो.

पहिल्या सामन्यात टेक्सास टेक एका धावेने पुढे होते. सहाव्या डावात टेक्सासच्या दोन मुली ठाण्यांवर आणि टोलवायला रीस ॲटवुड, त्यांची भरवशाची फलंदाज. अशा वेळी तिला मारायची संधीच द्यायची नाही, मुद्दाम लांबून चार चेंडू टाकून फुकटचे पहिले ठाणे देऊन टाकायचे, अशी चाल असते. तीन चेंडू लांबून गेले. चौथा मात्र पुरेसा लांब गेला नाही. ॲटवुडने दांडा लांबवला आणि चेंडू डावीकडे टोलवला. दोन्ही मुली घरी आल्या. सामना टेक्सासने २-१ ने घेतला. दादांनी कपाळावर हात मारला. ''दान द्यायचं होतं तं हात आखडून काहून देलं?''

दुसऱ्या पहाटे टेक्सास टेकने ४-३ ने परत घेतला. तोही पूर्ण कॅनडीनेच टाकलेला. शेवटी शेवटी ती प्रत्येक चेंडूआधी श्वास घेई तो मोबाइलवरसुद्धा कळत होता. खालून टाकला तर खांद्याला त्रास होत नाही, अशी या खेळातली जुनी समजूत आहे. पण खांद्यावर ताण वरून फेकणाऱ्यापेक्षा फार कमी नसतो, असे अलीकडचे वैद्यकीय अभ्यास सांगतात. वहिनी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, ''भाऊजी, तिच्या मायले सुचत असंन का काही?''

७ जूनची पहाट. तिसरा सामना, आणि नऊ दिवसांतला कॅनडीचा सहावा. टेक्सासच्या मुलींनी तिचे दोन दिवसांचे चेंडू पाहून ठेवले होते. पहिल्याच डावात पाच धावा लागल्या. त्यांतल्या तीन लीॲन गुड हिने एका टोल्यात कुंपणाबाहेर पाठवून काढल्या. पहिला डाव संपल्यावर प्रशिक्षक गेरी ग्लास्को यांनी कॅनडीला बाहेर घेतले. त्या मैदानावर तिच्याऐवजी दुसरी मुलगी चेंडू टाकायला उभी राहिली ती तेव्हा, पहिल्यांदा. चौथ्या डावात टेक्सासच्या मिया स्कॉटने चारी ठाणी भरलेली असताना चेंडू बाहेर मारला, १०-०. या मुलीचा गुडघ्यातला स्नायुबंध तुटलेला होता आणि ती तशीच खेळत होती, हे सामन्यानंतर कळले. टेक्सास टेकच्या पोरींनी पुढे चार धावा काढल्या, पण १०-४ वर सारे संपले. टेक्सासचे हे पहिलेच अजिंक्यपद. त्यांच्याकडून चेंडू टाकणारी टीगन कॅव्हन स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. दोन्ही संघांनी त्या हंगामात अडुसष्ट-अडुसष्ट सामने खेळले. टेक्सास ५६ जिंकले, टेक्सास टेक ५४.

ओसरीवर कुणी बोलेना. काचेत कॅनडी कठड्याला टेकून आपल्या मैत्रिणींना टाळ्या वाजवताना दिसत होती. दादा बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, ''दुसरा बैल नव्हता का त्यांच्या दावणीले? एकाच बैलावर सारा हंगाम वढला. तो तं वढतेच बिचारा. मालकानं पाहाव ना.''

मोबाइलमधून पुतणी काही बोलली नाही. वहिनींनी दादांकडे पाहिले आणि मग मोबाइलकडे. ''बाई,'' त्या म्हणाल्या, ''तू जेवतेस ना दोन खेपा?''

तेव्हा ती रडली. कुणी न विचारता सगळे सांगून टाकले: पैसे अडकल्याचे, चौघींच्या खोलीचे, एकवेळच्या जेवणाचे. मी मान खाली घालून बसलो. दादांनी मला काही विचारले नाही. त्यांनी धाकट्याला विचारले, ''तुले त्या कृषी सेवा केंद्रावाल्यानं बोलावलं होतं, त्याचं काय झालं?'' धाकटा डिप्लोमा करून वर्षभर स्पर्धा परीक्षेची पुस्तके चाळत होता. तो म्हणाला, सोमवारपासून जातो.

बँकेत दादा आणि मी पुढच्या आठवड्यात जाऊन आलो. हप्ते लांबवून घेतले, त्यातला अर्धा धाकट्याच्या पगारातून आणि अर्धा दादांच्या कापसातून, असे कागदावर लिहून दिले. एक म्हैस विकली. दादांनी पोरीला सांगितले की वर्षभर इकडे एक रुपयाही पाठवायचा नाही. तिचे अडकलेले पैसे ऑगस्टात सुटले, पूर्ण नव्हे. ती खोली मात्र तिने जुलैतच बदलली.

आमच्याकडे पेरण्या त्या वर्षी जूनच्या उत्तरार्धात झाल्या. दादा तूर टोबीत असताना पुतणीचा निरोप आला तो मी त्यांना बांधावर वाचून दाखवला. कॅनडी लबकमध्येच राहिली होती, आणि पुढच्या हंगामासाठी टेक्सास टेकने यूसीएलएची केटलिन टेरी आणली होती. तीही चेंडू टाकणारी, डाव्या हाताने.

''डाखोरी आणली?'' दादा म्हणाले. ''मंग जोडी जमली.'' आणि पुढच्या ओळीला लागले.